पेटीच्या पाठीमागे काय लिहिलंय?

मुलांनो, जुनी माणसं बैलजोडी कशी जमवतात, कधी पाहिलंय का? बाजारात धिप्पाड बैल दिसला म्हणून लगेच कुणी पैसे मोजत नाही. आधी घरच्या बैलाची उंची आठवायची, चाल आठवायची आणि मग त्याला शोभेल असा जोडीदार शोधायचा. एक उंच आणि एक ठेंगणा जुंपला की जू तिरकं होतं. उंच बैलाचं बळ फुकट जातं आणि ठेंगण्याची मान सोलवटते. बैल दोन्ही चांगले, पण जोडी वाईट!

आवाजाच्या यंत्रांचंही अगदी असंच असतं बरं का. एक यंत्र आवाजाला ताकद देतं, तो अ‍ॅम्प्लिफायर. दुसरं ती ताकद घेऊन हवा हलवतं, तो स्पीकर. घरात सिनेमा पाहायला पाच-सहा स्पीकर मांडतात, त्याला होम थिएटर म्हणतात. आणि प्रत्येक स्पीकरला त्याच्या वाट्याचा आवाज वाटून देणाऱ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला म्हणतात रिसीव्हर. अशा यंत्रात पहिल्यापासून रेडिओही बसवलेला असे आणि तो रेडिओच्या लहरी ‘घेत’ असे, म्हणून हे नाव पडलं.

गेल्या वर्षी आमच्या शाळेला अशीच एक जोडी जमवायची वेळ आली. त्यात पैसा गावाचा होता आणि कान मुलांचे होते. म्हणून ती हकिकत तुम्हाला सांगते.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या डोंगरात आहे. पहिली ते सातवी. शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटच्या तासाला आम्ही मोठ्या खोलीत भिंतीवर प्रोजेक्टर लावून चित्रपट किंवा माहितीपट पाहतो. चित्र छान दिसायचं, पण आवाज यायचा तो प्रोजेक्टरच्या पोटातल्या मुठीएवढ्या स्पीकरमधून. मागच्या रांगेतली मुलं पाच मिनिटांत चुळबुळ करायला लागायची. पावसाळ्यात वर पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की मग बघायलाच नको. मुका सिनेमा!

आमच्या वर्गात पाचवीत एक मुलगी आहे. तिला कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. ती पहिल्या रांगेत बसते आणि माझ्या ओठांकडे बघून निम्मं बोलणं समजून घेते. पण सिनेमातली माणसं काही आपल्याकडे तोंड करून बोलत नाहीत ना! मग ती शेजारच्या मैत्रिणीकडे बघायची. सगळे हसले की तीही हसायची, पण क्षणभर उशिरा. हा क्षणभराचा उशीर मला शनिवारी घरी गेल्यावरही आठवायचा.

अशात आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी यात्रेला गावी आला. तो पुण्यात नोकरी करतो. त्यानं घरचं होम थिएटर बदललं होतं आणि जुने स्पीकर शाळेला द्यायचे ठरवले होते. समोरचे दोन उंच, मधला एक आडवा, मागचे दोन छोटे आणि एक जड चौकोनी सबवूफर. सगळे ठणठणीत! रिसीव्हर मात्र त्याच्याकडचा बंद पडला होता, तो काही आला नाही. म्हणजे एक बैल दावणीला आला, आता दुसरा शोधायचा.

यात्रा कमिटीनं उरलेल्या शिलकीतून शाळेला २१,००० रुपये दिले. मुलांनो, गावाचा पैसा म्हणजे काय असतो, सांगू? त्यात कुणाचे पन्नास रुपये असतात, कुणाचे पाचशे. वस्तू आणली आणि ती महिनाभरात जळाली, तर पुढच्या वेळी कुंपणासाठी नाहीतर पाण्याच्या टाकीसाठी लोकांच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं? म्हणून मी मुलांना म्हटलं, “आधी आपण स्पीकर नीट वाचून काढू. मग दुकानात जाऊ.”

“बाई, स्पीकर वाचायचा कसा?” मुलं हसायला लागली.

आम्ही सगळे स्पीकर पालथे वळवले. प्रत्येकाच्या पाठीला एक पट्टी चिकटवलेली होती. सहावी-सातवीच्या मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. समोरचे दोन : ८ ओहम, ८८ डेसिबल, २० ते १०० वॅट. मधला : ८ ओहम, ८९ डेसिबल. मागचे दोन : ६ ओहम, ८६ डेसिबल. सबवूफरच्या पाठीला तर विजेची वायरच होती. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याच पोटात असतो. रिसीव्हरकडून त्याला फक्त आवाजाचा निरोप लागतो, ताकद लागत नाही. पाच स्पीकर आणि हा एक फक्त घुमणाऱ्या खर्जासाठी, म्हणून अशा मांडणीला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात.

ओहम, वॅट आणि डेसिबल. तीन शब्द. आणि गंमत अशी की, तिन्ही शब्द तीन माणसांच्या नावांवरून आले आहेत!

पहिला ओहम. गेऑर्ग सिमॉन ओहम हा जर्मनीतला शाळामास्तर. कुलुपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म १७८९ चा. कोलोन शहरातल्या शाळेत तो गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा आणि शाळेच्याच प्रयोगशाळेत तारांवर प्रयोग करायचा. तारेतून वीज किती वाहते आणि तार तिला किती अडवते, याचा नियम त्यानं १८२७ साली पुस्तकात मांडला. तेव्हा त्याच्या देशात फारसं कुणी कौतुक केलं नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोपले पदक दिलं. एका मास्तरचं नाव आज जगातल्या प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर आहे, याचा मला तर फार आनंद वाटतो!

ओहम म्हणजे अडवणूक. ओहम जास्त तर वीज कमी वाहते, ओहम कमी तर वीज जास्त वाहते. आम्ही हे टॉर्चच्या सेलवर करून पाहिलं. एका सेलला एक छोटा दिवा लावला. मग त्याच सेलला शेजारी शेजारी दोन दिवे लावले. दोन्ही उजळले, पण आता सेलमधून दुप्पट वीज जाऊ लागली. म्हणजे सेलच्या दृष्टीनं अडवणूक निम्मी झाली. स्पीकरचंही तसंच. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच ठिकाणी शेजारी शेजारी जोडले, तर रिसीव्हरला ते ४ ओहमचे वाटतात.

रिसीव्हरच्या पाठीवरही एक आकडा असतो. ‘६ ते १६ ओहम’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ‘सहापर्यंतचं ओझं मी पेलीन, त्याखाली मला जुंपू नका.’ त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडून आवाज वाढवला की रिसीव्हरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहते. तो तापतो. चांगला असेल तर स्वतःहून बंद पडतो, साधा असेल तर जळतो.

सातवीतल्या एकानं लगेच विचारलं, “बाई, मग व्हरांड्यातल्या पोरांसाठी पुढच्या स्पीकरलाच आणखी दोन जोडले तर?”

मी म्हटलं, “तूच सांग.”

त्यानं वहीत भागाकार केला आणि म्हणाला, “आठाचे चार होतील. चालणार नाही.” पाहा, दुकानदाराला न विचारता एक प्रश्न सुटला!

आमच्या मागच्या स्पीकरवर ६ लिहिलेलं होतं. म्हणून पहिली अट ठरली. रिसीव्हर ६ ओहम पेलणारा हवा. ‘फक्त ८ ओहमसाठी’ असं लिहिलेला स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही.

माझा धाकटा भाऊ आय.टी.आय. झालेला इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं मल्टिमीटर आणून मुलांना आणखी एक मजा दाखवली. ८ लिहिलेल्या स्पीकरवर मीटरनं साडेसहाच्या आसपास आकडा दाखवला. मुलं म्हणाली, “फसवलं!” तर तसं नव्हे. मीटर मोजतो ती सरळ, एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची अडवणूक. गाणं वाजतं तेव्हा वीज सेकंदाला शेकडो वेळा मागेपुढे होते, तेव्हा अडवणूक बदलत राहते. पाठीवरचा आकडा त्या वाजतानाच्या अडवणुकीचा, ढोबळमानानं दिलेला असतो.

दुसरा शब्द वॅट. जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा, उपकरणं बनवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर. ग्लासगोच्या विद्यापीठात वाफेच्या इंजिनाचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला आणि त्यातून पुढे त्यानं सुधारलेलं इंजिन तयार केलं. ते विकताना गिऱ्हाइकाला समजावं म्हणून तो सांगायचा, हे इंजिन इतक्या घोड्यांचं काम करतं. आपल्या विहिरीवरच्या मोटारीला ‘पाच एच.पी.’ म्हणतात ना, तेच हे घोडे! एक घोडा म्हणजे सुमारे ७४६ वॅट.

हा हिशेब आमच्या फार उपयोगी पडला. कसा, ते ऐका.

आम्ही कराडला चौकशी केली होती. एका दुकानात ९,००० रुपयांची एक चकचकीत पेटी होती. रंगीत दिवे लुकलुकणारी, पुढे मोठ्या अक्षरात ‘१०,००० वॅट’ लिहिलेली. दुसऱ्या दुकानात एक काळा, जड रिसीव्हर होता. दुकानात वर्षभर मांडून ठेवलेला नमुना म्हणून तो २०,००० रुपयांना मिळत होता. त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘प्रत्येक स्पीकरला ७० वॅट’.

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक भरली. एक काका म्हणाले, “बाई, दहा हजारची नऊ हजाराला मिळतीय, आणि तुम्ही सत्तरची वीस हजाराला घेताय? हा कुठला हिशेब?” दुसरे म्हणाले, “ती मोठी घेतली तर गणपतीच्या मिरवणुकीलाही होईल.” त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं कसं म्हणू? पुढे लिहिलेला आकडा कुणीही वाचेल.

मी म्हटलं, “उत्तर आमची मुलं देतील.”

सातवीच्या दोघींनी फळ्यावर गणित मांडलं. त्यांनी त्या पेटीचा मागचा फोटो दुकानातून आणायला लावला होता. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वीज वापर ६० वॅट’. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “काका, पाच एच.पी.ची मोटर म्हणजे ३,७३० वॅट. दहा हजार म्हणजे तसल्या अडीच मोटारींपेक्षा जास्त. तेवढी वीज आपल्या घरच्या साध्या सॉकेटमधून येत नाही. साधं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे २३० गुणिले ६, फार तर १,३८० वॅट.”

आणि दुसरी म्हणाली, “ही पेटी घेते साठ आणि देते दहा हजार! मग आपल्याकडे कोयनेचं धरण कशाला बांधलं?”

सगळी बैठक हसली. कोयनेचा वीजप्रकल्प आमच्याच तालुक्यात. त्याची क्षमता १,९६० मेगावॅट, हे आमच्या मुलांना तोंडपाठ! पण तेवढी वीज करायला एवढं मोठं धरण आणि डोंगराच्या पोटात वीजघर लागतं. आत ६० वॅट घेऊन बाहेर १०,००० वॅट देणारं यंत्र जगात कुणी बनवू शकत नाही.

मग हा १०,००० चा आकडा येतो कुठून? जाहिरातीसाठी. क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यात होऊ शकणाऱ्या उसळीची कल्पना करायची, सगळ्या स्पीकरची बेरीज करायची आणि मोठा आकडा छापायचा. त्याला पी.एम.पी.ओ. म्हणतात. त्याची ठरावीक मोजणीच नाही. खरा आकडा आर.एम.एस. म्हणून लिहितात, म्हणजे यंत्र सतत किती ताकद देऊ शकतं तो. त्यातही बारकावा आहे. बरेच रिसीव्हर ७० वॅट सांगतात ते दोनच स्पीकर चालू असतानाचे. पाचही एकदम वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येतात. म्हणून पट्टी शेवटपर्यंत वाचायची. किती ओहमला, किती स्पीकर चालू असताना, हे सगळं तिथे असतं.

आता ७० वॅट पुरतील का? इथे तिसरा शब्द येतो, डेसिबल. हा आला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून. टेलिफोनमुळे बेल सर्वांना ठाऊक आहेत. १८७६ साली त्यांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं. पण त्याआधी ते काय होते, माहीत आहे? कर्णबधिर मुलांचे शिक्षक! त्यांच्या आईला कमी ऐकू यायचं आणि त्यांची पत्नी मेबेल हिलाही लहानपणीच बहिरेपण आलं होतं. म्हणजे आवाज मोजण्याच्या मापाला ज्यांचं नाव आहे, त्यांच्या घरात ऐकू न येणं काय असतं हे रोज दिसत होतं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा आमची पाचवीची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती.

स्पीकरवर ८८ डेसिबल लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ असा : स्पीकरला १ वॅट द्या आणि १ मीटरवर मोजा, तर ८८ डेसिबल आवाज भरेल. आपण समोरासमोर बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. म्हणजे एका वॅटमध्येसुद्धा बराच आवाज निघतो! अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. आमची खोली सव्वीस फूट लांब, म्हणजे ८ मीटर. मुलांनी फळ्यावर मांडलं : १ मीटरला ८८, २ मीटरला ८२, ४ मीटरला ७६, ८ मीटरला ७०. बंद खोलीत भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी घट होत नाही. पण आपण कमीच धरू.

आता वॅट वाढवू. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. दहापट केले की १० वाढतात, आणि तेव्हा कुठे कानाला आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे १० वॅटला शेवटच्या रांगेत ८०, आणि ७० वॅटला ८८ च्या थोडं वर. रोज तासन् तास ८५ च्या वर आवाज ऐकला तर कानांना इजा होते. मग आम्हाला आणखी हवंय कशाला? ७० ऐवजी १०० वॅटचा रिसीव्हर घेतला असता तरी जेमतेम दीड डेसिबलची भर पडली असती. शेवटच्या रांगेला ती कळलीही नसती.

याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. ८५ लिहिलेल्या स्पीकरला ८८ च्या स्पीकरएवढा आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणून स्पीकर न पाहता रिसीव्हर निवडता येत नाही. आणि फार छोटा रिसीव्हरही बरा नव्हे. बारीक आवाजाच्या मुलाला मैदानभर ऐकू जाईल असं ओरडायला लावलं तर त्याचा घसा फाटतो. तसाच लहान रिसीव्हर पूर्ण पिळला की आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजानं स्पीकरमधला छोटा, बारीक आवाजाचा ट्वीटर जळू शकतो. मोठ्या रिसीव्हरनंच स्पीकर जळतात असं नाही.

समितीनं मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मला त्या २०,००० च्या रिसीव्हरमध्ये वॅटपेक्षा वेगळ्याच गोष्टीसाठी रस होता.

कमी ऐकू येणाऱ्यांना बहुतेकदा सगळाच आवाज सारखा कमी येत नाही. ‘आ’, ‘ओ’ असे स्वर पोचतात. स, श, फ, थ अशी बारीक, पातळ व्यंजनं निसटतात. ‘साप’ म्हटलं तर ‘आप’ असं काहीतरी पोचतं. अशा वेळी नुसता आवाज वाढवला तर काय होतं? खर्ज वाढतो, घुमणं वाढतं आणि ते बारीक ‘स’ त्याखाली आणखी दबून जातात. तिला मोठा आवाज नको होता. तिला शब्द हवे होते.

आणि शब्दांची जागा मधला स्पीकर असते. होम थिएटरमध्ये पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं त्या मधल्या आडव्या स्पीकरमधून येतं. पाऊस, गाड्या, वाद्यं आजूबाजूच्या स्पीकरमध्ये असतात. चांगल्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. मधला तीन डेसिबलनं वर, सबवूफर थोडा खाली, की बोलणं पुढे येतं. त्या लुकलुकणाऱ्या पेटीला एकच बटण होतं, सगळ्यांना मिळून!

रिसीव्हर आला. पेटी उघडायला अख्खी शाळा गोळा झाली. उरलेल्या पैशांतून आम्ही वायर घेतली. मागच्या स्पीकरपर्यंत पंधरा मीटर वायर लागत होती. जाऊन-येऊन तीस मीटर तांबं. बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती तर तिचीच अडवणूक सुमारे १ ओहम झाली असती. ६ ओहमच्या स्पीकरला जाणाऱ्या ताकदीचा सातवा हिस्सा वायरच खाणार! अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तिची अडवणूक भरते जेमतेम ०.२ ओहम.

स्पीकर जोडताना लाल खुंटीला लाल आणि काळ्याला काळी वायर जोडायची. एकाची उलटी झाली तर एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खर्ज एकमेकांना मारून टाकतो. वायर भिंतीमागून फिरून आली की कोणती कुठली कळत नाही. तेव्हा भावानं दीड व्होल्टचा साधा सेल घेतला आणि रिसीव्हरकडची दोन टोकं त्याला क्षणभर टेकवली. स्पीकरचा पडदा ‘टप्’ करून पुढे आला. म्हणजे सेलच्या अधिक बाजूची तार लाल खुंटीची! मुलांनी ओळीनं सगळ्या वायरी तपासल्या. तुम्हाला करून पाहायचं असेल तर वायर रिसीव्हरपासून पूर्ण सोडवलेली हवी, सेल दीड व्होल्टचाच हवा आणि क्षणभरच टेकवायचा. मुख्य विजेला मात्र हात लावायचा नाही. ते काम मोठ्या माणसांचं.

एक काम मात्र कुठल्याच रिसीव्हरला जमलं नसतं. आमच्या खोलीच्या भिंती उघड्या, वर पत्रा. शब्द भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दात मिसळायचा. मुलांनी घरून जुन्या गोधड्या आणल्या. मागच्या भिंतीवर दोरी बांधून त्या टांगल्या, खाली सतरंज्या अंथरल्या. टाळी वाजवून पाहिली. आधी ‘टण्’ असा लांबलेला नाद यायचा, आता तो पटकन विरला. गोधड्यांचा खर्च शून्य रुपये!

मग मी पाचवीच्या मुलीला तिच्या नेहमीच्या जागी बसवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीनं ‘शूऽऽ’ असा आवाज काढतो. मधला किती वर हवा, हे तिनं ठरवलं. मागच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, “इथंपण नीट येतंय!” तेव्हा आकडा पक्का केला.

पहिल्या शनिवारी लावला ‘श्यामची आई’. १९५३ सालचा, आचार्य अत्र्यांचा. जुना चित्रपट, त्याचा आवाज एकपदरी. दोन्ही बाजूंना तोच. पण रिसीव्हरमध्ये एक सोय असते. दोन्हीकडे सारखाच असलेला आवाज तो उचलून मधल्या स्पीकरकडे पाठवतो. त्यामुळे आईचं बोलणं थेट पडद्याच्या मध्यातून आलं. समितीतले ते काकाही दाराशी उभे राहून पाहत होते.

आमच्या मुलीला सगळं कळलं, असं मी म्हणणार नाही. गाण्यांतले काही शब्द निसटले, ते तिनं नंतर वहीत लिहून मागितले. पण त्या दिवशी ती शेजारणीकडे वळली नाही. आणि आईच्या दुखण्याच्या प्रसंगात खोलीत पहिलं नाक ओढल्याचा आवाज आला, तो तिचाच होता! बाकीच्या मुली क्षणभर उशिरा रडल्या.

जाता जाता ते काका म्हणाले, “बाई, सत्तर पुरले की!”

मुलांनो, तुमच्या घरी, मंडळात नाहीतर शाळेत आवाजाचं नवं यंत्र घ्यायची बोलणी चालली असतील, तर आधी घरच्या स्पीकरची पट्टी वहीत उतरवा. ओहम किती, वॅट किती, डेसिबल किती. रिसीव्हर त्या ओहमला चालतो का, त्याचे वॅट खऱ्या मोजणीचे आहेत का, तो भिंतीतून वीज किती घेतो, हे दुकानात उभं राहून वाचा. वाचायला वेळ लागला तर लागू दे, दुकानदार घाई करतोय म्हणून वही मिटू नका. आणि त्याच पानावर आणखी एक ओळ लिहा, ऐकायला कोण कोण बसणार आहे. आजोबा असतील, एखादी मैत्रीण असेल. यंत्र चालू झालं की त्यांना मधोमध बसवा आणि रिमोट आधी त्यांच्या हातात द्या.